जिभेची तलवार

१९९० साली लुकासफिल्म गेम्सचा ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ आला, तेव्हा साहसी गेम खेळणारे मरणाला सरावलेले होते. सिएरा कंपनीच्या गेममध्ये एक पाऊल चुकलं की नायक दरीत. या गेमचे कर्ते रॉन गिल्बर्ट यांना हे पटत नसे. त्यांचा गायब्रश थ्रीपवुड, चाचा होण्याची हौस असलेला पोरगा, कड्यावरून कोसळतो. आता सगळं पहिल्यापासून, अशा थाटाची पाटी झळकते आणि क्षणात तो उसळून परत वर येतो. खाली रबराचं झाड!

गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांची खरी करामत मात्र तलवारबाजीत. इथे मनगट नव्हे, जीभ जिंकते. समोरच्या चाच्याच्या टोमण्याला चपखल उत्तर दिलं की तो मागे हटतो. उत्तर ठाऊक नसेल तर हरायचं, तोच टोमणा दुसऱ्या चाच्याला मारायचा आणि तो काय परतवतो ते ऐकून ठेवायचं. अशी पुंजी जमवून तलवारीत अजिंक्य असलेल्या कार्लासमोर उभं राहावं, तर तिचे टोमणे सगळे नवे! जुनी उत्तरं कुठे बसतात ते आयत्या वेळी ओळखायचं. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्याला ही रंगत समजावून सांगावी लागत नाही. गेममधल्या विनोदाला स्वतःची वाट सापडली ती इथेच, असं मला मनापासून वाटतं.

१९९१च्या दुसऱ्या भागात हाच विनोद अडलाही. धबधब्याचा पंप बंद करायला पान्यासारखं वापरायचं होतं एक संमोहित माकड! अमेरिकेत एका पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात, त्यावरची ही कोटी. आपल्या गॅरेजांत किंवा ब्रिटनमध्ये जो ‘स्पॅनर’ म्हणतो, त्याला ती सुचणार कशी? न कळलेली कोटी पुस्तकात सोडून पुढे जाता येतं, इथे गेमच थांबतो.

या विनोदाची वाट पुढे ‘डे ऑफ द टेंटॅकल’ (१९९३), ‘ग्रिम फँडँगो’ (१९९८) अशी गेली, आणि मग साहसी गेमच मागे पडले. २००७च्या ‘पोर्टल’मध्ये ग्लाडोस ही यंत्रबाई केकचं आमिष दाखवत गोड आवाजात आपल्या जिवावर उठली, तेव्हा ती जुनी धार पुन्हा जाणवली.

२०२२ मध्ये गिल्बर्ट आणि ग्रॉसमन ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ घेऊन परतले, त्या निमित्ताने मी पहिला भाग पुन्हा लावला. दहा मिनिटं श्वास रोखता येतो, असं गायब्रश सांगत असतो. त्याला पाण्याखाली सोडून घड्याळ घेऊन बसलो. दहा मिनिटांनी तो खरंच मेला आणि पडद्याच्या तळाशी ‘उचल’, ‘ढकल’ यांच्या जागी ‘तरंग’, ‘फुग’, ‘कुज’ अशा अर्थाचे शब्द उमटले.