घोकणे आणि आठवणे

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षात मागे पडलेल्या मुलांना वसतिगृहात सायंकाळी शिकविण्याचा जो शिरस्ता मी, स्वतः तिसऱ्या वर्षात असताना, चालविला आहे, त्याविषयी अनेकांनी पृच्छा केल्यामुळे ही हकीकत लिहितो. ही मुले बहुधा मंदबुद्धी नसतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्यांपुढे शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन असे तिन्ही विषय एकदम परक्या परिभाषेत उभे राहिले, की अर्थ बाजूस सारून ती घोकंपट्टीचा आश्रय घेतात.

ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे मानेकडून हाताकडे जाणारे चेतातंतूंचे जाळे, हा या घोकंपट्टीचा कर्दनकाळ. पाच मुळे, तीन खोडे, सहा विभाग, तीन रज्जू अशी जंत्री पाठ करविण्याऐवजी मी प्रथम रुग्णच पुढे ठेवतो: दंडाचे हाड मध्यावर मोडून मनगट लुळे पडले, तर दुखावली कोणती चेता? हाडाच्या मागून वळसा घेणारी रेडियल चेता एकदा सापडली, की तिचा माग काढीत विद्यार्थी आपण होऊन मुळांपर्यंत पोहोचतो.

मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती. रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखविले, की पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर सरस ठरतात, परंतु आठवड्यानंतर पारडे आठवून लिहिणाऱ्यांकडे झुकते. (आदल्या रात्रीच्या जागरणाचा आत्मविश्वास फसवा का, हे यात आलेच.)

तोंडी परीक्षेची ज्यांना धास्ती, त्यांना मी परीक्षकाच्या खुर्चीत बसवितो. तेथून मोठ्या तोऱ्यात विचारलेल्या प्रश्नांवरूनच, त्यांना स्वतःला काय उमगलेले नाही, ते मला कळते.