बायोमेकॅनिक्स शिकायचंय? फी भरण्याआधी स्टायपेंड कुठे मिळतो ते बघा

लोणी (ता. आंबेगाव) : मैदानावर घाम गाळणाऱ्या गावाकडच्या पोरापोरींपुढे बहुतेकदा दोनच वाटा असतात. पोलीस भरती, नाहीतर बी.पी.एड. करून क्रीडाशिक्षक. तिसरी वाट आहे संशोधनाची, आणि तिथे शिकताना महिन्याला पैसेही मिळू शकतात.

धावताना गुडघ्यावर किती भार येतो, कबड्डीत पकड करताना खांदा का निखळतो, दिवसभर वाकून कांदा लावणाऱ्या बाईची कंबर का धरते, हे मोजून सांगणारं शास्त्र म्हणजे बायोमेकॅनिक्स. दम, हृदय आणि स्नायू व्यायामाला कसे सरावतात, हे व्यायामशास्त्र सांगतं.

आता पैशांचं. एम.पी.एड.सारख्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च आपल्याकडे बहुधा घरूनच होतो. खरा आधार सुरू होतो पीएच.डी.पासून. एम.पी.एड. ५५ टक्क्यांनी (राखीव गटाला ५०) झालेल्यांना शारीरिक शिक्षण विषयात यूजीसी-नेट देता येते. त्यात जेआरएफ मिळाली, की पीएच.डी.ला पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये, घरभाडं वेगळं. नुसती नेट पास होऊन हे पैसे मिळत नाहीत, गुण जेआरएफच्या यादीत बसावे लागतात. इथेच अनेकांची गफलत होते.

इंजिनीअरिंग किंवा विज्ञान शाखेच्या मुलांसाठी गेट परीक्षा आहे. २०२० पासून तिच्यात बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा स्वतंत्र पेपर असतो. गेटवर आयआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर स्टायपेंड महिन्याला १२,४०० रुपये. पगार म्हणावा एवढी रक्कम नाही, पण मेसचं बिल तरी घरी सांगावं लागत नाही.

जेआरएफ हुकली तरी दार बंद होत नाही. पीएच.डी.ला नोंदणी केलेल्या मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय अधिछात्रवृत्ती देतात. एका वेळी एकच घेता येते.

अमेरिकेत या विभागाचं नाव बऱ्याचदा 'किनेसिऑलॉजी' असतं, शोधताना तेच टाकावं. तिथे असिस्टंटशिप मिळाली तर आठवड्याला साधारण २० तास प्रयोगशाळेत किंवा वर्गात काम करायचं. बदल्यात फी पूर्ण किंवा काही माफ आणि वर स्टायपेंड. तो अनेक ठिकाणी नऊच महिन्यांचा असतो. उन्हाळ्याचे तीन महिने आणि आरोग्य विम्याचं काय, हे होकार देण्याआधीच विचारावं.

ही जागा एजंट मिळवून देत नाही. ज्या प्राध्यापकाकडे काम करायचं, त्याचे एक-दोन शोधनिबंध वाचून त्याला थेट ईमेल करावा लागतो. ऑगस्टच्या प्रवेशासाठी अर्ज बहुतेक ठिकाणी आदल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत जातात. म्हणजे ईमेल दिवाळीच्या आधी गेलेला बरा, आणि विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढायला त्याहून आधी लागावं.