रोमारियो हवा की नको?

१९ सप्टेंबर १९९३. रिओ द जानेरोचं माराकाना स्टेडियम काठोकाठ भरलं होतं. समोर उरुग्वे. या मैदानावर उरुग्वेचं नाव निघालं की ब्राझीलच्या माणसाला १९५० आठवतं. विश्वचषक आपलाच असं सारा देश धरून चालला असताना उरुग्वेनं तो २-१ असा हिसकावून नेला होता. त्रेचाळीस वर्षांनी पुन्हा तोच प्रतिस्पर्धी आला होता, आणि हरलं तर १९९४ च्या विश्वचषकाचं दार बंद होणार होतं. आजवरचा प्रत्येक विश्वचषक खेळलेला ब्राझील हा जगातला एकमेव देश. ती परंपरा नव्वद मिनिटांवर येऊन ठेपली होती.

७२ व्या मिनिटाच्या सुमारास ब्राझीलच्या बेबेतोनं उजवीकडून चेंडू आत टाकला आणि जेमतेम साडेपाच फूट उंचीच्या एका खेळाडूनं त्यावर डोकं लावलं. पुढच्या दहा मिनिटांत तोच खेळाडू गोलरक्षकाला वळसा घालून पुढे निघाला आणि रिकाम्या जाळ्यात चेंडू सारून मोकळा झाला. २-०. गेले नऊ महिने हा माणूस संघाबाहेर होता. खेळ कमी पडला म्हणून नव्हे, स्वभावापायी. त्याचं नाव रोमारियो.

स्ट्रायकर अव्वल आहे, पण डोक्यानं तिरका आहे. त्याला देशाच्या संघात घ्यावं का? हा वाद फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक देशात होतो. कोल्हापूरच्या पेठांत किंवा गोव्यातल्या गावच्या मैदानाकडेला बसलात, तर स्थानिक संघाबद्दलही तो ऐकू येईल. पण ब्राझीलनं हा प्रश्न एकाच माणसाबाबत नऊ वर्षांत दोनदा सोडवला. एकदा उत्तर आलं ‘हवा’, एकदा आलं ‘नको’. आणि दोन्ही वेळा ब्राझील विश्वविजेता झाला. म्हणून हे उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं.

रोमारियोचा जन्म १९६६ चा, रिओच्या जाकारेझिन्यो या गरीब वस्तीतला. बुटका म्हणून ‘बायशिन्यू’ हे नाव त्याला चिकटलं ते कायमचं. वास्को द गामा क्लबातून तो पुढे आला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ७ गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा ठरला, ब्राझीलला रौप्य मिळालं. तिथून तो नेदरलँड्सच्या पीएसव्ही आइंडहोवेनकडे गेला. १९८९ मध्ये माराकानावर उरुग्वेविरुद्ध त्याच्याच हेडरनं ब्राझीलला कोपा अमेरिका मिळवून दिली. तारीख होती १६ जुलै, १९५० च्या त्या पराभवाचीच.

त्याच्या खेळाची जातच वेगळी होती. मैदानभर धावणं, मागे येऊन चेंडू हिसकावणं त्याच्या गावी नव्हतं. पण पेनल्टी क्षेत्रात दोन पावलांची जागा मिळाली की बचावपटूला काही कळायच्या आत त्याचा फटका बसलेला असे. पाय मागे न्यायला वेळ नसेल, तर बुटाच्या टोकानंच तो चेंडू कोपऱ्यात टोचायचा.

सरावाचा मात्र कंटाळा. रात्रीचं जागरण प्रिय. पुढे तो बार्सिलोनाकडून खेळू लागला, तेव्हाची एक आठवण तिथले प्रशिक्षक योहान क्रायुफ स्वतः सांगत. रिओच्या कार्निव्हलसाठी रोमारियोनं सुटी मागितली. ‘उद्या दोन गोल कर, मग जा,’ असं क्रायुफ म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या वीसेक मिनिटांत दोन गोल करून तो बाहेर येण्याची खूण करू लागला. विमानाची वेळ झाली होती! १९९३-९४ च्या त्या हंगामात त्यानं स्पॅनिश लीगमध्ये ३० गोल केले आणि बार्सिलोनानं लीग जिंकली.

क्लबला हे परवडतं. तिथे प्रशिक्षकाच्या हाताशी अख्खा हंगाम असतो, पगार आणि करार असतो. राष्ट्रीय संघाचं तसं नसतं. महिनाभर वीस-पंचवीस माणसं एका छताखाली राहतात, बाकावर बसलेल्यालाही आपण संघाचे वाटावं लागतं. तिथे एकाची कुरकुर सगळ्यांच्या ताटात पडते.

डिसेंबर १९९२ मध्ये नेमकं तेच घडलं. पोर्तो अलेग्रे इथे जर्मनीविरुद्ध मित्रत्वाचा सामना होता. रोमारियो त्यासाठी नेदरलँड्सहून आला आणि बाकावर बसवला गेला. बाकावरच बसायचं होतं तर आलोच नसतो, असं तो उघड बोलला. प्रशिक्षक कार्लुस अल्बेर्तो पारेरा आणि त्यांचे सहकारी मारियो झागालो यांनी त्याला संघाबाहेर ठेवलं.

पात्रता फेरी सुरू झाली आणि जुलै १९९३ मध्ये ला पाझच्या उंचीवर बोलिव्हियानं ब्राझीलला २-० असं हरवलं. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला हा ब्राझीलचा पहिलाच पराभव. देश खवळला, रोमारियोच्या नावाचा गजर सुरू झाला. पारेरा मात्र तेव्हाही बधले नाहीत. पुढच्या महिन्यात रेसिफे इथे बोलिव्हियाशी परत गाठ पडली, तेव्हा ब्राझीलचे खेळाडू एकमेकांचे हात धरून मैदानात उतरले आणि ६-० नं जिंकले. हातांची ती साखळी पुढे त्या संघाची ओळख झाली. ती बांधली गेली तेव्हा रोमारियो त्यात नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शेवटच्या सामन्याआधी स्ट्रायकर म्युलर जखमी झाला, तेव्हा कुठे त्याला बोलावणं गेलं. आधी घर उभं राहिलं, मग हा पाहुणा आत आला.

१९९४ च्या मे महिन्यात, विश्वचषक तोंडावर असताना, त्याच्या वडिलांचं अपहरण झालं. काही दिवसांनी त्यांची सुखरूप सुटका झाली आणि तो अमेरिकेला निघाला. तिथे ब्राझीलनं ७ सामन्यांत ११ गोल केले, त्यांतले ५ त्याचे. अमेरिकेविरुद्ध दहा खेळाडूंनिशी खेळताना बेबेतोनं केलेल्या एकमेव गोलचा पासही त्याचाच. उपांत्य फेरीत उंचपुऱ्या स्वीडिश बचावपटूंमध्ये उडी घेऊन या बुटक्यानं हेडरनं सामना जिंकला. त्याच्या वाट्याचं धावणं मधल्या फळीतल्या डुंगा आणि माउरो सिल्वा यांनी धावून काढलं. तो धावत नाही हे संघानं मान्य केलं होतं, कारण उरलेलं काम कुणी करायचं हे ठरलेलं होतं.

अंतिम लढत इटलीशी, पासाडिनाच्या रोझ बोलमध्ये. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. १२० मिनिटांत गोल झाला नाही. पेनल्टीत मार्सियो सांतोसचा फटका अडवला गेला, इटली पुढे गेली आणि रोमारियो आला. चेंडू खांबाला आतून घासून जाळ्यात गेला. ब्राझील ३-२ नं जिंकला. २४ वर्षांनी चषक परत आला. चेंडू खांबाला बोटभर बाहेरून लागला असता, तर ‘असल्या उद्धटाला घेतलंच कशाला’ असं तीच माणसं म्हणाली असती. खेळाडूच्या स्वभावाबद्दलची आपली मतं पुष्कळदा अशी निकालानंतर लिहिलेली असतात.

१९९८ च्या विश्वचषकाआधी पोटरीच्या दुखापतीमुळे त्याला वगळलं गेलं, तेव्हा पत्रकारांसमोर तो ढसाढसा रडला. देशासाठी खेळायची त्याची ओढ खोटी नव्हती, एवढं त्या दिवशी साऱ्यांनी पाहिलं.

खरी दुसरी परीक्षा २००१-०२ मध्ये आली. पात्रता फेरीत ब्राझील चाचपडत होता, प्रशिक्षक बदलत होते. पस्तिशीतला रोमारियो मात्र गोल करतच होता. व्हेनेझुएलाविरुद्ध एकाच सामन्यात ४, अख्ख्या पात्रता फेरीत ८. जून २००१ मध्ये लुईझ फेलिपे स्कोलारी आले. डोळ्याच्या शस्त्रक्रियेचं कारण देऊन रोमारियोनं त्या वर्षीच्या कोपा अमेरिकामधून सूट मागितली. आणि मग तो वास्को संघासोबत मेक्सिकोत मित्रत्वाचा सामना खेळताना दिसला.

स्कोलारींनी दार लावून घेतलं. कोपा अमेरिकात ब्राझील होंडुरासकडून हरला, तरी ते उघडलं नाही. त्या वर्षीच्या ब्राझीलच्या लीगमध्ये रोमारियोनं सर्वाधिक, २१ गोल केले, तरी नाही. लोक रस्त्यावर त्याच्या नावानं ओरडत होते, राष्ट्राध्यक्ष फेर्नांदु एन्रिके कार्दोझो यांनीही त्याची बाजू घेतली, रोमारियोनं डोळ्यांत पाणी आणून जाहीर माफी मागितली. मे २००२ मध्ये यादी आली, त्यात त्याचं नाव नव्हतं. गुडघ्याच्या भीषण दुखापतीतून उठलेल्या रोनाल्डोवर स्कोलारींनी भरवसा टाकला. रोनाल्डोनं ८ गोल केले, रिव्हाल्डोनं ५, आणि ब्राझीलनं सातही सामने जिंकून चषक उचलला.

मग बरोबर कोण, पारेरा की स्कोलारी? माझ्या मते दोघंही, कारण दोघांसमोरचा दोष एकच नव्हता. १९९२ मध्ये रोमारियो उद्धट बोलला, पण मनात होतं तेच बोलला. त्याचा अहंकार सगळ्यांना दिसत होता, आणि जो दोष दिसतो त्याची संघाला तजवीज करता येते. २००१ मध्ये सांगितलं एक आणि केलं दुसरं. तिथे शब्द मोडला. फटकळ माणसाबरोबर महिनाभर राहता येतं. ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही, त्याच्याबरोबर एक आठवडाही जड जातो.

शिवाय स्ट्रायकरचं मोल एकट्याचं कधीच ठरत नाही. १९९३ मध्ये पाया रचलेला होता आणि गोल करणारा हवा होता. २००२ मध्ये गोल करणारे तिघे होते, रोनाल्डिन्यो धरून, आणि विस्कटलेल्या संघाला एकजीव करणं बाकी होतं. तोच माणूस एका संघाला आधार झाला, दुसऱ्याला भार झाला असता.

ब्राझीलसाठी ७० सामन्यांत ५५ गोल, हा त्याचा हिशेब. तो इतका भक्कम आहे की २००२ ची यादी आजही अनेकांना अन्याय वाटते. मला त्या दोन निर्णयांमागे एकच कसोटी दिसते. हात धरून मैदानात उतरताना शेजारच्याला तो हात सुटणार नाही याची खात्री वाटते का? १९९४ मध्ये ती होती. म्हणून सर्वांत कमी धावणाऱ्यासाठी बाकीचे दहा जण आनंदानं धावले.