पन्ना : हिऱ्यांच्या गावात, वाघांच्या रानात

झाशी आणि खजुराहो पाहून परतणाऱ्या मराठी प्रवाशांपैकी फार थोडे जण आणखी तासाभराचा रस्ता कापून पन्नाला जातात. मस्तानी, बाजीराव आणि छत्रसाल यांच्या आठवणींचा हा मुलूख. इथल्या मातीत हिरे सापडतात आणि इथल्याच रानात, एकदा पूर्णपणे नाहीसे झालेले वाघ पुन्हा नांदू लागले आहेत.

खाणींचे गाव म्हटले की आपल्याला कर्नाटकातले कोलार आठवते. तिथल्या सोन्याच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या. पण जमिनीखालची दौलत आणि जमिनीवरचे रान या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर बुंदेलखंडात जायला हवे. मध्य प्रदेशातले पन्ना हे जिल्ह्याचे ठिकाण असले तरी आटोपशीर गाव आहे. भोवती विंध्याचे डोंगर, सागवानाचे व कोरडे पानगळीचे रान आणि त्यातून वाहणारी केन नदी.

वाट मऊरानीपूरची

झाशीहून पूर्वेला निघाले की साधारण पासष्ट किलोमीटरवर मऊरानीपूर लागते. मऊ आणि रानीपूर या दोन जवळजवळच्या वस्त्यांचे हे जोडनाव. गावाला सुखनई नदी आहे आणि इथला जलविहाराचा मेळा साऱ्या बुंदेलखंडात प्रसिद्ध आहे. त्या वेळी गावातल्या देवळांमधले देव सजवलेल्या पालख्यांतून नदीवर नेले जातात. रानीपूरची ओळख मात्र मागाची. इथे विणलेले टेरीकॉटचे कापड एके काळी दूरदूरच्या बाजारात जात असे. आजही काही घरांतून मागाचा आवाज ऐकू येतो.

मराठी माणसाला हा भाग परका वाटू नये. हा परगणा झाशी संस्थानात होता आणि झाशीवर नेवाळकरांचा अंमल होता. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 1857 च्या धामधुमीत झाशीपर्यंत केलेला प्रवास ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे आपल्या घराघरांत पोहोचला. पण मराठ्यांचा या मुलखाशी संबंध त्याहून सव्वाशे वर्षे जुना आहे.

1729 मध्ये मोहम्मदखान बंगशाने म्हाताऱ्या छत्रसालाला जैतपूर इथे कोंडीत पकडले. छत्रसालाने बाजीरावाकडे मदत मागितली आणि बाजीराव फौजेनिशी धावून आला. बंगशाला माघार घ्यावी लागली. छत्रसालाने बाजीरावाला मुलासारखे मानून आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा दिला. 1731 मध्ये छत्रसाल वारला. झाशी, सागर, काल्पी हा मुलूख मराठ्यांकडे आला तो याच नात्यातून. मस्तानी पुण्यात आली तीही इथूनच. तिचा मुलगा समशेरबहाद्दर 1761 मध्ये पानिपतच्या लढाईनंतर जखमांनी मरण पावला. त्याचे वंशज पुढे बांद्याचे नवाब झाले.

मऊरानीपूरहून नौगावमार्गे छतरपूरकडे जाताना वाटेत मऊसहानिया आणि धुबेला ही ठिकाणे चुकवू नका. तलावाकाठच्या जुन्या वाड्यात 1955 मध्ये सुरू झालेले महाराजा छत्रसाल संग्रहालय आहे. मूर्ती, शस्त्रे, चित्रे असा चांगला संग्रह तिथे आहे. जवळच मस्तानीच्या नावाने ओळखला जाणारा महाल आणि छत्रसालाची समाधी आहे. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेला प्रसंग मुलांना इथे समजावून सांगता येतो.

मातीतले हिरे

पन्नाच्या लोकांना हिऱ्यांचे श्रेय विचारले, तर ते महामती प्राणनाथांचे नाव घेतात. छत्रसालाला लढायांसाठी पैसा हवा होता. तेव्हा गुरूने सांगितले, की तुझा घोडा जिथवर दौडेल तिथवरची भूमी हिरे देईल. कथा सुंदर आहे. पण कालिंजरच्या आसपास बारीक हिरे सापडतात, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’तही आहे. म्हणजे प्राणनाथांचा जन्म होण्यापूर्वीच इथली माणसे हिरे वेचत होती.

हिऱ्यांचे खरे कारण जमिनीच्या पोटात आहे. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी खूप खोलवरून वितळलेला खडक नळीसारख्या वाटेने वर उसळला आणि खालच्या प्रचंड दाबात तयार झालेले हिरे आपल्याबरोबर घेऊन आला. पन्नापासून जवळच असलेली मझगवाँची खाण अशाच एका नळीवर आहे. राष्ट्रीय खनिज विकास महामंडळ ही खाण चालवते. यंत्रांच्या साहाय्याने हिरे काढणारी देशातली ही एकमेव मोठी खाण. शंभर टन खडक फोडला, की साधारण दहा कॅरट हिरे मिळतात. एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. तेव्हा शंभर टनांमागे हाती येतात ते अवघे दोन ग्रॅम! खाण गंगऊ अभयारण्याच्या हद्दीत असल्यामुळे पर्यावरणाच्या परवानग्यांचा प्रश्न आला आणि 2021 पासून काही काळ तिचे काम थांबले होते.

त्या नळीतला खडक पावसापाण्याने झिजला आणि त्यातले हिरे ओढ्यानाल्यांच्या खडीत दूरवर पसरले. म्हणूनच पन्नाच्या आसपास साध्या शेतातही हिरा सापडू शकतो. अशा ठिकाणी उथळ खाणी चालतात. गावातल्या सरकारी हिरा कार्यालयात अर्ज करायचा आणि नाममात्र शुल्क भरून आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद अशा तुकड्याचा वर्षाचा पट्टा घ्यायचा. मग पहार, फावडे आणि टोपली घेऊन घरातली माणसे कामाला लागतात. वरची माती काढल्यावर हिऱ्याची खडी लागते. तिला इथे ‘चाल’ म्हणतात. ही चाल खड्ड्यातल्या पाण्यात धुतात, चाळतात, उन्हात वाळवतात आणि मग जमिनीवर पसरून बोटांनी एकेक खडा बाजूला सारत तपासतात. या शेवटच्या कामात घरातल्या बायका तरबेज असतात. न पैलू पाडलेला हिरा दुकानातल्यासारखा लखलखत नाही. तुरटीच्या खड्यासारखा दिसणारा तुकडा हजारो खड्यांतून ओळखायचा असतो.

हिरा सापडला, की तो हिरा कार्यालयात जमा करावा लागतो. तिथे त्याचे वजन होते, प्रत ठरते आणि लिलाव होतो. सरकारचे स्वामित्वधन व कर वजा होऊन उरलेली रक्कम पट्टेदाराला मिळते. 1961 मध्ये इथे 44 कॅरटहून मोठा हिरा मिळाला होता. 2018 मध्ये एका मजुराला 42 कॅरटहून मोठा हिरा सापडला आणि लिलावात त्याला सुमारे 2 कोटी 55 लाख रुपये आले. जुलै 2024 मध्ये आणखी एका मजुराच्या हाती 19.22 कॅरटचा खडा लागला.

अशा बातम्या वर्तमानपत्रांत ठळकपणे छापून येतात आणि पट्ट्यांसाठी पुन्हा गर्दी होते. मात्र ज्यांना काहीच मिळत नाही त्यांची बातमी होत नाही. वर्षानुवर्षे खोदूनही रिकाम्या हाताने परतणारी, मजुरीचे दिवस बुडवणारी, उसने पैसे घेणारी कुटुंबे इथे पुष्कळ आहेत. शिवाय हिरा कार्यालयाला चुकवून गुपचूप विकलेल्या हिऱ्याचे मोल दलाल ठरवतो. हिऱ्यांमुळे नाव झालेल्या या जिल्ह्यातून आजही हजारो माणसे मजुरीसाठी दिल्ली-गुजरातची वाट धरतात. दगडखाणीत काम केलेल्या अनेकांना धुळीमुळे होणाऱ्या सिलिकोसिसने ग्रासले आहे. खड्ड्यात उतरलेला माणूस नशिबावर भरवसा ठेवतो, कारण भरवसा ठेवण्यासारखे दुसरे काम त्याच्या गावात नसते.

वाघ गेले आणि आले

पन्ना राष्ट्रीय उद्यान 1981 मध्ये झाले आणि 1994 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पुढच्या पंधरा वर्षांत जे घडले ते सुन्न करणारे आहे. शिकाऱ्यांचे फास वाढत गेले. वाघांवर संशोधन करणारे रघू चुंडावत वाघ कमी होत असल्याचे वारंवार सांगत होते, पण कागदावर आकडे भरलेलेच राहिले. शेवटी 2009 मध्ये मान्य करावे लागले, की पन्नात एकही वाघ उरलेला नाही.

त्याच वर्षी बांधवगड आणि कान्हा इथून दोन वाघिणी आणल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये पेंचहून एक नर आला. पण त्याला हे रान आपले वाटेना. थोड्याच दिवसांत तो दक्षिणेकडे, आपल्या जुन्या घराच्या दिशेने चालू लागला. शेते, नद्या, रस्ते ओलांडत तो चारशे किलोमीटरहून अधिक फिरला. वनखात्याची माणसे हत्तींवरून आणि जीपमधून महिनाभर त्याच्या मागावर होती. 25 डिसेंबर 2009 रोजी दमोह जिल्ह्यात त्याला बेशुद्ध करून परत आणले. त्याने पुन्हा निघून जाऊ नये म्हणून एक युक्ती केली. वाघिणीचे मूत्र रानात ठिकठिकाणी शिंपडले. त्या वासावर तो वाघिणीपर्यंत पोहोचला. एप्रिल 2010 मध्ये पन्नाच्या रानात चार बछडे जन्मले.

तेव्हा क्षेत्र संचालक असलेले आर. श्रीनिवास मूर्ती यांनी या कामात आसपासच्या गावकऱ्यांना सामील करून घेतले. आईविना वाढलेल्या, माणसांच्या देखरेखीखाली मोठ्या झालेल्या दोन वाघिणीही कान्हाहून आणून इथे सोडल्या आणि त्याही रानात रुळल्या. 2022 च्या गणनेत पन्नातल्या वाघांची संख्या पन्नासच्या पुढे गेलेली होती. 2020 मध्ये युनेस्कोने पन्नाचा समावेश जागतिक जीवावरण क्षेत्रांच्या जाळ्यात केला.

आणखी एक बदल मराठी वाचकांना विशेष वाटेल. पारधी समाज आपल्याकडेही आहे आणि शिकारीचा शिक्का त्याच्यावर आपणही मारला आहे. पन्नात याच समाजातली तरुण मंडळी पर्यटकांना रानाच्या कडेने पायी फिरवतात. कोणत्या पक्ष्याचा आवाज, कोणत्या जनावराचा माग, हे सारे ज्ञान त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतेच. ते आता रान राखायच्या कामी येत आहे.

वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसू नका. केनच्या काठी चितळ, सांबर, नीलगाय हमखास दिसतात. धुंधवा नावाच्या खोल दरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. डायक्लोफिनॅक या जनावरांच्या औषधामुळे देशभरातली गिधाडे झपाट्याने मेली. 2006 मध्ये त्या औषधावर बंदी आली. तेव्हा आज एकत्र बसलेली दहा-वीस गिधाडे दिसणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. खजुराहोजवळ रनेह इथे केन नदीने ग्रॅनाइटमध्ये पाच किलोमीटरची घळ कोरली आहे. गुलाबी, लाल, करड्या रंगांचे ते कडे पाहून मुले थक्क होतात. त्याच परिसरात मगरी आणि सुसरींसाठी राखलेले केन घडियाल अभयारण्य आहे.

पाणी कोणाला, रान कोणाचे?

हे सारे पाहताना एक प्रश्न मनात ठेवायला हवा. 25 डिसेंबर 2024 रोजी खजुराहो इथे केन-बेतवा जोड प्रकल्पाची पायाभरणी झाली. या योजनेतले दौधनचे 77 मीटर उंचीचे धरण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतच आहे. तिथून 221 किलोमीटरच्या कालव्याने केनचे पाणी बेतवेकडे न्यायचे आहे. त्यातून 10.62 लाख हेक्टर जमिनीला पाणी आणि सुमारे 62 लाख लोकांना पिण्याचे पाणी मिळेल, असे सरकार सांगते.

मऊरानीपूर ज्या झाशी जिल्ह्यात आहे तो या लाभार्थी जिल्ह्यांपैकी एक आहे. उन्हाळ्यात हंडे घेऊन मैलभर चालणाऱ्या बुंदेलखंडी बायकांना विचाराल, तर त्यांना हे पाणी हवेच आहे. त्यांना वाघाची महती सांगून गप्प करता येणार नाही. दुसरीकडे पन्नाचे हजारो हेक्टर रान पाण्याखाली जाणार, लाखो झाडे तुटणार आणि अनेक आदिवासी गावे उठणार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीनेही 2019 मध्ये या प्रकल्पावर गंभीर प्रश्न उपस्थित केले होते. चंदेल राजांनी बांधलेले शेकडो तलाव या मुलखात आहेत. त्यातले बरेच गाळाने भरले आहेत. ते उपसले असते तर किती पाणी साठले असते, असेही इथले जाणते लोक विचारतात. शून्यावरून पन्नासवर आणलेल्या वाघांचे रान बुडवायची वेळ येण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे होते.

कसे जाल, काय पाहाल?

मुंबई-पुण्याहून झाशीला थेट गाड्या आहेत. झाशी स्थानकाचे नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे आहे. झाशीहून मऊरानीपूर, महोबामार्गे रेल्वेने खजुराहोला जाता येते. रस्त्याने गेलात तर धुबेला वाटेत पाहून होईल. खजुराहो ते पन्ना हे अंतर सुमारे 45 किलोमीटर आहे. मुक्काम खजुराहो, मडला किंवा पन्ना इथे करता येतो.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ कुटुंबासाठी सोयीचा. एप्रिल-मे मध्ये वाघ दिसण्याची शक्यता वाढते, पण ऊन असह्य असते. जुलै ते सप्टेंबर गाभ्याचे जंगल बंद असते. मडला आणि हिनौता ही मुख्य प्रवेशद्वारे आहेत. सफारीचे आरक्षण घरूनच करून ठेवा. थंडीत पहाटेच्या उघड्या जीपसाठी मुलांना कानटोपी आणि स्वेटर हवाच.

गावात प्राणनाथांचे मंदिर, जुगलकिशोर मंदिर आणि लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या धर्तीवर बांधलेले बलदेव मंदिर पाहण्याजोगे आहे. जेवणात निखाऱ्यावर भाजलेले गाकर आणि वांग्याचे भरीत जरूर मागा. घरी नेण्यासाठी इथला आवळ्याचा मुरंबा उत्तम. हिरा मात्र रस्त्यावर कोणाकडूनही घेऊ नका. खरा निघाला तर तो बेकायदा असण्याची शक्यता आहे आणि खोटा निघाला तर दाद मागायला जागा नाही. त्यापेक्षा परवानगी घेऊन एखाद्या उथळ खाणीवर तासभर थांबा आणि चाल कशी निवडतात ते मुलांना दाखवा. सराफाच्या काचेमागच्या खड्याची किंमत कोणाच्या कष्टातून उभी राहते, ते त्यांना तिथे कळेल.