ओट्यापाशीची पाठशाळा

व्यापारी घराण्यात मुलाला हिशेब शिकवण्यासाठी कोणी शिकवणी लावत नसे. शाळा सुटली की तो पेढीवर येऊन बसे. वडील माल कसा पारखतात, गिऱ्हाइकाशी कसे बोलतात, काट्यावर नजर कशी ठेवतात, हे पाहता पाहता तो तयार होई. आहाराचे संस्कार मात्र आपण निराळ्या रीतीने देऊ पाहतो. अमुक खायचे नाही, तमुक वेळेनंतर खायचे नाही, हे मुलांना ऐकवले जाते. आणि त्या नियमांचे पालन जेथे रोज घडते, त्या स्वयंपाकघरातून ‘मध्ये मध्ये करू नकोस’ म्हणून त्यांना बाहेर पाठवले जाते.

माथेरान रस्त्यावरच्या आमच्या सुकापुरात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर. चौविहार पाळणाऱ्या घरात हिवाळ्यात मूल शाळेतून आल्यापासून ताट वाढेपर्यंत जेमतेम दीड तास मिळतो. वडील दुकानावर, आई ओट्याशी एकटी आणि मूल मोबाइलपाशी, असा तो सरतो. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला ही बिनव्याजी पडून राहिलेली ठेव वाटते.

पाच-सहा वर्षांचे मूल तांदूळ, डाळ निवडू शकते. आईने उभी चिरलेली भेंडी उघडून आत अळी आहे का, हे तपासण्याचे काम तर मुलांना भलतेच आवडते. जयणा या शब्दावर प्रवचन ऐकून जे उमगत नाही, ते येथे डोळ्यांनी दिसते. थोड्या मोठ्या मुलाकडे घड्याळ सोपवावे. दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटे. आजच्या सूर्योदयात ती मिळवून नवकारशीची वेळ काढ, असे सांगावे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस मानतात. डब्यावर दळणाची तारीख लिहिण्याचे काम घरातल्या शाळकरी मुलाचे असावे. पाकिटावरची मुदत वाचणाऱ्या पिढीला हे लगेच पटते.

खरी गंमत प्रश्नांची आहे. आले चालत नाही, मग सुंठ कशी चालते? ओले आले अनंतकाय. सुकल्यावर त्यात जीव राहत नाही, असे उत्तर द्यावे तर पुढचा प्रश्न तयारच असतो: मग बटाट्याचे वाळवलेले काप का नकोत? येथे मोठ्यांनाही क्षणभर थांबावे लागते. सुंठ किंवा हळद चिमूटभर, औषधासारखी घेतली जाते. बटाट्याचे काप मात्र जिभेच्या ओढीने मूठमूठ खाल्ले जातात, आणि ती ओढ कमी करण्यासाठीच नियम आहे, असे परंपरा सांगते. समोरासमोर बसवून विचारले असते तर मुलाने हे विचारले नसते. हात कामात गुंतले की जीभ मोकळी होते. मग शाळेत कोणी डब्यावरून चिडवले, तेही सहज निघते.

मुलगे या कामापासून दूर ठेवले जातात, हे मला मुळीच मान्य नाही. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपण करत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आज पनवेलमध्येही आहे. आपली मुले मात्र बारावीनंतर पुण्याला किंवा परदेशी जातात आणि कांदा-लसणाविना जेवण मिळत नाही म्हणून वर्षभरात नियम सोडून देतात. वरण-भात, पोळी आणि कच्च्या केळ्याची भाजी ज्याला येते, त्याच्यावर तशी वेळ सहसा येत नाही.

दुकानाच्या सुटीच्या दिवशी वडिलांनीही लाटणे हाती घ्यावे; वडिलांची पोळी आपल्यापेक्षा वाकडी झालेली पाहून मुलाला फार धीर येतो. पहिला महिनाभर स्वयंपाकाला वीस-पंचवीस मिनिटे अधिक लागतील. म्हणून हा उपक्रम हिवाळ्यात सुरू न करता चातुर्मासाच्या प्रारंभी करावा. तेव्हा सूर्य उशिरा मावळतो.