कंपवाताचा रुग्ण आणि घरचा दस्तरखान

हात थरथरतो, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ पण हा पार्किन्सन, म्हणजे कंपवात असू शकतो. जगप्रसिद्ध मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांना १९८४ साली हाच आजार असल्याचे निदान झाले. त्यानंतर ते ३२ वर्षे जगले.

या आजारात मेंदूतील डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. ती उणीव लेव्होडोपाची गोळी भरून काढते. आमच्या शिरड शहापूरसारख्या गावात मेंदूचा डॉक्टर मिळत नाही. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. म्हणून महागडी गोळी वाया जाऊ नये, ही घरच्यांची जबाबदारी ठरते.

गोळी वाया कशी जाते? मटण, अंडी, डाळ, दूध यांतील प्रथिने आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने रक्तात शिरतात. दालचा-खाना झाल्यावर लगेच घेतलेली गोळी त्या गर्दीत अडकते. म्हणून ती जेवणाआधी साधारण अर्धा ते एक तास पाण्यासोबत घ्यावी. मळमळ होत असेल तर सोबत एखादे बिस्किट चालेल. प्रथिने मात्र बंद करू नयेत. रुग्णाचे वजन घटते, ताकद जाते. लोहाची गोळीही लेव्होडोपाला अडवते, दोन्हींत दोन तासांचे अंतर हवे.

आता ताकदीच्या गोळ्या. जीवनसत्त्व ई आजाराची गती रोखते का, हे अमेरिका आणि कॅनडात ८०० रुग्णांवर तपासले गेले. १९९३ मध्ये निष्कर्ष आला, फायदा नाही. को-एन्झाइम क्यू-टेन या महागड्या गोळीचेही तेच झाले. ड आणि बी-१२ यांची गोष्ट वेगळी. हाडे ठिसूळ असतील तर पडल्यावर मांडीचे हाड मोडते. घरातच राहणाऱ्या, पडदा पाळणाऱ्या अम्मी-नानींमध्ये ड कमी असण्याची शक्यता अधिक. अंगणात किंवा गच्चीवर आडोसा करून त्यांना उन्हात बसवावे. लेव्होडोपा बरीच वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ घटू शकते, हातापायांना मुंग्या येतात. रक्त तपासून मगच गोळी सुरू करावी.

खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतेच. हकिमाचे चूर्ण आणि डॉक्टरांची गोळी एकत्र घेतली तर मात्रा वाढून अंग आपोआप हलू लागते. चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये.

बद्धकोष्ठ अनेकांना छळतो. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पपई, भिजवलेले अंजीर आणि भरपूर पाणी उपयोगी पडते. घास अडकत असेल तर ताठ बसवून मऊ खिचडी, हलीम भरवावे.

रमजानमध्ये काही बुजुर्ग रोजासाठी दिवसाची गोळी सोडतात. हे धोक्याचे आहे. औषध एकदम थांबले तर शरीर आखडते, तीव्र ताप येऊन जीवावर बेतते. कुरआनने आजाऱ्याला सवलत दिली आहे आणि कायमच्या आजारात फिदया आहे. महिनाभर आधी डॉक्टरांना आणि आलिमांना विचारावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो. आमीन.