पृथ्वीचें तापमान वाढण्यास मनुष्य कितपत कारण ?

पृथ्वीवरील हवा दिवसेंदिवस अधिक उष्ण होत आहे, हें आतां बहुतेकांस मान्य आहे. वाद आहे तो कारणाविषयीं. कांहीं लोक म्हणतात कीं, ही सृष्टीची नेहमींची उलाढाल असून ती आली तशी जाईल. हवामानशास्त्रज्ञ म्हणतात कीं, ही मनुष्याची करणी आहे. शेतकऱ्यास हा वाद पंडितांचा म्हणून सोडून देतां येणार नाहीं. आंब्याची बाग लावणारा किंवा विहिरीसाठीं कर्ज काढणारा पुढील पंचवीस-तीस वर्षांचा हिशेब करीत असतो. उष्मा आपोआप ओसरणारा असेल, तर थोडी कळ काढणें पुरेसें होईल. परंतु त्याचें कारण चालूच राहणारें असेल, तर तो वाढतच जाणार, व आपल्या बेतांत त्याची सोय केली पाहिजे. म्हणून या वादाचा येथें थोडक्यांत विचार करूं.

मनुष्यामुळें तापमान वाढतें हें मत कांहीं आजकालचें नव्हे. सूर्यप्रकाश हवेंतून सहज खालीं येतो, परंतु तापलेल्या जमिनींतून परत निघणारी उष्णता हवेंत अडून राहते, असा विचार फ्रेंच गणिती फूर्ये यानें १८२४ सालीं मांडला. पुढें १८५९ सालीं टिंडल यानें प्रयोगानें दाखविलें कीं, पाण्याची वाफ व कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हे उष्णता अडवितात. थंडींत घोंगडी जशी अंगची ऊब राखते, तद्वत् या वायूंचें पांघरूण पृथ्वीची ऊब राखतें. कोळसा जाळल्यानें हें पांघरूण जाड होईल, असें गणित स्वीडनच्या आर्‍हेनियस यानें १८९६ सालीं केलें.

१९३८ सालीं कॅलेंडर नांवाच्या इंग्रज यंत्रशास्त्रज्ञानें ठिकठिकाणच्या नोंदी जुळवून ही वाढ सुरू झाल्याचें सांगितलें, तेव्हां विद्वानांनीं त्यावर विश्वास ठेविला नाहीं. जास्तीचा वायु समुद्र शोषून घेईल, असें त्यांस वाटे. शंका रास्त होती. तिचें निरसन मोजमापानेंच व्हावयाचें होतें. तें १९५८ पासून कीलिंग यांनीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर आरंभिलें. त्या सालीं हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारें ३१५ भाग होते. २०२४ सालीं ते ४२० हून अधिक झाले. कारखाने निघण्यापूर्वीं हें प्रमाण सुमारें २८० होतें, असें ध्रुवप्रदेशांतील जुन्या बर्फांत कोंडलेल्या हवेवरून कळतें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पीक पिंवळें पडलें म्हणजे जाणता शेतकरी एकदम खत टाकीत नाहीं. पाणी सांचलें आहे काय, मुळास कीड आहे काय, नत्राची उणीव आहे काय, हें तो पाहतो. कारण प्रत्येक रोगाची खूण निराळी असते. येथेंही तीच रीत लागू आहे.

पहिला आक्षेप असा कीं, हवामान पूर्वींही बदलत असे. हें खरें आहे. परंतु हिमयुगें येण्याजाण्याचें मूळ पृथ्वीच्या भ्रमणांतील मंद फेरफारांत आहे, व त्यांस हजारों वर्षें लागतात. १८५० ते १९०० या काळाच्या मानानें २०११ ते २०२० या दशकांत जग सुमारें १.१ अंश सेल्सिअसनें अधिक उष्ण होतें. एवढ्या थोड्या काळांतील ही वाढ त्या फेरफारांनीं उलगडत नाहीं.

दुसरा आक्षेप सूर्याविषयीं. सूर्याचें तेज १९७८ पासून उपग्रहांवरून मोजलें जात आहे, व तें वाढत गेल्याचें आढळलें नाहीं. शिवाय सूर्य प्रखर झाला असता, तर हवेचे खालचे व वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षांत खालची हवा तापत असून फार उंचावरची हवा थंड होत आहे. पांघरूण जाड झाल्याची हीच खूण होय, व मानाबे यांनीं १९६७ सालीं ती गणितानें आधींच वर्तविली होती.

तिसरा आक्षेप ज्वालामुखींविषयीं. त्यांतून दरवर्षीं निघणारा कर्बाम्ल वायु मनुष्यानें सोडलेल्या वायूच्या शेंकडा एकाहूनही कमी असतो. उलट १९९१ सालीं फिलिपाइन्समधील पिनाटुबोचा स्फोट झाला, तेव्हां उंच उडालेल्या द्रव्यांमुळें जग कांहीं काळ थोडें थंडच झालें.

चौथा आक्षेप असा कीं, तापमापक शहरांत असल्यानें नोंदी फसव्या आहेत. अमेरिकेंतील पदार्थविज्ञानवेत्ते रिचर्ड मुलर यांस अशाच शंका होत्या. त्यांनीं स्वतः सर्व नोंदी नव्यानें तपासल्या, आणि २०१२ सालीं जाहीर केलें कीं, वाढ खरी असून ती जवळजवळ सर्वस्वीं मनुष्यकृत आहे. संशय घ्यावा तो असा. शोधाअंतीं सत्य मान्य करणारा.

याचा अर्थ सर्व वाद मिटले असा नव्हे. कर्बाम्ल वायु दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल, याचा अंदाज २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालांत २.५ ते ४ अंश असा रुंद आहे. कोणीं किती झीज सोसावी, हाही न्यायाचा प्रश्न आहे. आजवरचा बराचसा धूर यूरोप-अमेरिकेनें सोडला. हिंदुस्थानांत दरडोई निघणारा वायु जगाच्या सरासरीहून कमी आहे. तथापि पाणी तुंबलेल्या भातखाचरांतून व गुरांच्या रवंथांतून मिथेन हा उष्णता अडविणारा दुसरा वायु निघतो, हें शेतकऱ्यानेंही विसरूं नये. भातास पाणी आलटून पालटून दिल्यास तो बराच कमी होतो, व पाण्याचीही बचत होते.

परिणाम तर आपल्या बांधापर्यंत आलेच आहेत. २०२२ चा मार्च महिना देशांत १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला, उत्तरेकडील गव्हाचा दाणा बारीक राहिला, व मे महिन्यांत सरकारनें गव्हाची निर्यात बंद केली. मध्य हिंदुस्थानांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळांत तिपटीनें वाढले, असें पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंतील संशोधकांनीं सहकाऱ्यांसह २०१७ सालीं दाखविलें.

एका सालची गारपीट किंवा एक कडक हिंवाळा यावरून मात्र कोणताही पक्ष सिद्ध होत नाहीं. पुष्कळ वर्षांची सरासरी पाहावी लागते. म्हणून प्रत्येक गांवीं पाऊस व उष्णता यांची नोंद नियमानें ठेवावी, गव्हाची पेरणी वेळेवर उरकावी, आणि बांधबंदिस्ती करतांना मोठ्या सरींचें पाणी काढून देण्याची वाट ठेवावी. जुने दिवस आपोआप परत येतील, या भरंवशावर मात्र कोणीं कर्ज काढूं नये.